बदललेला नवस

स्वित्झर्लंडच्या वॅले प्रांतात फीश नावाचं एक छोटं गाव आहे. गावाच्या वर, डोंगरांच्या कुशीत, आलेच ही आल्प्समधली सर्वांत लांब हिमनदी पसरली आहे. सतराव्या शतकात या हिमनदीनं गावकऱ्यांची झोप उडवली होती. युरोपात तेव्हा थंडीचा दीर्घ काळ चालू होता. वर्षामागून वर्षं हिम साचत होतं आणि बर्फाची जीभ दरीत खाली खाली सरकत होती. हिमनदीच्या काठाशी बर्फानंच अडवलेलं मेर्येलेन नावाचं तळं होतं. बर्फाचा बांध फुटला की तळ्याचं पाणी एकदम दरीत कोसळायचं आणि पुरात शेतीवाडीची धूळधाण व्हायची. अखेर 1678 साली फीश आणि शेजारच्या फीशरटालच्या लोकांनी देवाला नवस बोलला : आम्ही सदाचारानं वागू, प्रार्थना करू, पण ही हिमनदी वाढू देऊ नकोस. 1862 पासून या नवसाला दरवर्षीच्या मिरवणुकीची जोड मिळाली.

त्याच सुमारास हिमनदी मागे हटायला लागली, आणि मग हटतच राहिली. गेल्या दीडशे वर्षांत आलेच तीन किलोमीटरहून अधिक आखडली आहे. ज्या पाण्याची भीती वाटायची तेच पाणी उन्हाळ्यात पुरेल का, हा आता गावाला घोर लागला आहे. 2009 साली गावकऱ्यांनी ठरवलं, मागणं बदलायला हवं. पण नवस बोलणं आपल्या हातात असतं. बोललेला नवस बदलणं आपल्या हातात नसतं. त्यांनी थेट व्हॅटिकनकडे विनंती केली. 2010 मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी परवानगी दिली. आता त्याच वाटेनं त्याच गावची माणसं चालत जातात आणि हिमनदी आटू नये म्हणून प्रार्थना करतात.

हवामानबदलाविषयी मी आजवर जे काही वाचलं, त्यात ही गोष्ट मनात सर्वांत खोल रुतून बसली. नवस म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. गावाला कशाची भीती वाटते आणि कशाची आस आहे, हे त्याच्या नवसातून कळतं. फीशच्या नवसात त्या दरीचं सतराव्या शतकातलं हवामान जपून ठेवलेलं होतं. जगातल्या प्रत्येक समाजानं आपलं हवामान असंच कुठे ना कुठे जपून ठेवलं आहे : सणाच्या तारखेत, घराच्या छपरात, पेरणीच्या मुहूर्तात, बर्फाला दिलेल्या नावात. हवामान बदललं की घरं आणि पिकं जातात, हे आपण रोज वाचतो. त्यांच्यासोबत पिढ्यान्‌पिढ्यांनी जमवलेल्या शहाणपणावरचा भरवसाही जातो. त्या नुकसानीचा पंचनामा करायला तलाठी येत नाही.

सरासरीच्या आड

हवामान का बदलतं आहे, ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंमध्ये कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 280 रेणू होते. कोळसा, तेल आणि वायू जाळून आपण तो आकडा 420 च्या पुढे नेला आहे. हा वायू पृथ्वीवरून परत जाणारी उष्णता अडवतो. 2011 ते 2020 या दशकात पृथ्वीचं सरासरी तापमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापेक्षा सुमारे 1.1 अंश सेल्सिअसनं जास्त होतं. 2024 हे 1.5 अंशांची वाढ ओलांडणारं पहिलं वर्ष ठरलं. अडकलेल्या उष्णतेपैकी सुमारे 90 टक्के समुद्रानं पोटात घेतली. तापलेलं पाणी फुगतं, त्यात वितळलेल्या बर्फाची भर पडते. त्यामुळे 1901 ते 2018 या काळात समुद्राची पातळी सुमारे 20 सेंटीमीटर चढली.

एक अंश, वीतभर पाणी. ऐकायला हे फारसं वाटत नाही. सकाळ आणि दुपार यांच्यात याहून कितीतरी जास्त फरक असतो. पण निसर्गात काही उंबरठे असतात. शून्याच्या अर्धा अंश खाली बर्फ आहे. अर्धा अंश वर गेला की तेच पाणी. ज्यांचं जगणं अशा उंबरठ्यावर बेतलेलं आहे, त्यांना तो एक अंश आपल्या आधी कळतो. म्हणून हिमनद्यांच्या पायथ्याची, ध्रुवप्रदेशातली आणि सखल बेटांवरची माणसं गेली तीस-चाळीस वर्षं बाकीच्या जगाला सावध करत आहेत.

कृत्तिका आणि बर्फ

पेरू देशातल्या कुस्को शहराच्या पूर्वेला सिनाकारा नावाचं उंच खोरं आहे. ईस्टरनंतर 58 दिवसांनी तिथे ‘कोयुर रिती’ची यात्रा सुरू होते. केचुआ भाषेत या नावाचा अर्थ ‘बर्फाचा तारा’. कुस्को परिसरातून सुमारे 90,000 माणसं या यात्रेला येतात. गावागावांची नृत्यपथकं, बासरी आणि ढोल घेऊन, कडाक्याच्या थंडीत ती डोंगर चढतात. ख्रिस्ताची पूजा आणि डोंगरांना देव मानणारी अँडीजमधली जुनी श्रद्धा इथे एकमेकींत इतकी मिसळली आहे की त्या वेगळ्या काढता येत नाहीत. 2011 साली युनेस्कोनं या यात्रेला मानवी वारशाच्या यादीत स्थान दिलं.

यात्रेत ‘उकुकू’ नावाचे लोक असतात. लोकरीच्या झिपऱ्यांचा पोशाख घातलेले हे अर्धे मानव, अर्धे अस्वल. शिस्त राखायचं काम त्यांचं. एका रात्री ते क्रूस खांद्यावर घेऊन हिमनदीवर चढतात. पूर्वी पहाटे उतरताना ते बर्फाच्या मोठाल्या लाद्या कापून पाठीवर बांधून आणत. त्या बर्फाच्या पाण्यानं आजार बरे होतात, शेतात शिंपडलं तर पीक चांगलं येतं, अशी श्रद्धा होती. आपल्याकडे गंगेचा गडू देव्हाऱ्यात असतो, तसं त्या पाण्याचं स्थान होतं.

दरवर्षी बर्फाची कड वर सरकत गेली. उकुकूंना दरवर्षी आणखी वर चढावं लागे. या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःच ठरवलं की आता लादी कापायची नाही. देवाच्या अंगावरचं वस्त्र विरत चाललं असताना त्यातला तुकडा प्रसाद म्हणून कसा घ्यायचा? आज उकुकू हिमनदीवर जातात आणि रिकाम्या पाठीनं खाली येतात. पेरूमधल्या हिमनद्यांचं अर्ध्याहून अधिक क्षेत्रफळ 1960 च्या दशकापासून नाहीसं झालं आहे. काही जणांच्या लाद्यांनी त्यात काडीचाही फरक पडला नसता. तरीही प्रसाद बंद करण्याचा निर्णय घेतला तो भक्तांनी. ज्यांचा दोष सर्वांत कमी, त्यांनी आधी हात आवरला.

या यात्रेचा आकाशाशीही संबंध आहे. ती कृत्तिकांच्या अस्त-उदयाच्या दिवसांत येते. अँडीजमधले शेतकरी जूनच्या पहाटे उंचावर जाऊन पूर्वेला उगवणाऱ्या कृत्तिका पाहतात. तारे ठळक आणि भरपूर दिसले तर पुढचा पाऊस चांगला. अंधूक दिसले तर पाऊस उशिरा आणि कमी, म्हणून बटाट्याची लागवड पुढे ढकलायची. कित्येक वर्षं अभ्यासक याला अंधश्रद्धा समजत. 2000 साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक संशोधन प्रसिद्ध झालं. त्यातून दिसलं की एल निन्योच्या वर्षी जूनमध्ये त्या भागावर उंचावर अतिशय विरळ ढग असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांच्यामुळे कृत्तिका मंद दिसतात. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरनंतरचा पाऊस कमी पडतो. शेतकऱ्यांचा ठोकताळा खरा होता. शेकडो वर्षांच्या निरीक्षणातून तो तयार झाला होता. असं ज्ञान मोलाचं असतं, पण त्याला एक अट असते : आभाळानं आपली जुनी रीत सांभाळली पाहिजे.

ओळखीचा मित्र अनोळखी वागतो

उत्तर ध्रुवाभोवतीचा प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगानं तापतो आहे. तिथे कॅनडापासून ग्रीनलँडपर्यंत इनुइट लोकांची वस्ती आहे. त्यांच्या भाषेत ‘सिला’ असा एक शब्द आहे. सिला म्हणजे हवा, आभाळ, बाहेरचं जग. आणि सिला म्हणजे शहाणपणही. बाहेरचं हवामान आणि माणसाच्या डोक्यातली समज यांना एकच शब्द पुरावा, यात त्या लोकांच्या जगण्याचं मर्म आहे. आभाळ वाचता येणं म्हणजेच शहाणं असणं.

हे वाचणं किती बारीक असतं पाहा. सपाट बर्फाळ माळावर धुक्यात सापडलेला शिकारी दिशा कशी ओळखणार? वायव्येच्या नेहमीच्या वाऱ्यानं हिमाचे जिभेच्या आकाराचे उंचवटे तयार होतात. त्यांना ‘उकालुराइत’ म्हणतात. त्यांची टोकं ठरावीक दिशेला असतात. काही दिसत नसलं तरी पायाला किंवा घसरगाडीला ते उंचवटे जाणवतात आणि त्यांच्या आधारानं घर गाठता येतं. वारा दिशा बदलू लागला तशी ही खूणही दगा देऊ लागली. काही ठिकाणी वाऱ्यानं हिम इतकं कडक होऊ लागलं की वादळात अडकल्यावर इग्लू बांधायला त्याच्या विटा कापता येईनात. समुद्रावरचा बर्फ उशिरा धरतो आणि लवकर फुटतो. जिथून वडील आणि आजोबा निर्धास्त जात, तिथे अनुभवी शिकारी बर्फातून खाली गेले आहेत.

अशा हवामानासाठी तिथले वृद्ध एक शब्द वापरतात : ‘उग्गियानाक्तुक’. अर्थ असा, की आपल्या चांगल्या ओळखीचं कुणी अचानक विचित्र वागू लागावं. जुना मित्र एके दिवशी ओळख न दिल्यासारखा वागला तर मनाला जे वाटतं, ते या शब्दात आहे. त्यात तक्रारीपेक्षा दुःख अधिक आहे. घरातल्या आजोबांना विचारल्याशिवाय कुणी शिकारीला निघत नसे. आता पोरं विचारतात आणि आजोबा म्हणतात, मला खात्रीनं सांगता येत नाही. आयुष्यभर कमावलेली विद्या उतारवयात अशी निरुपयोगी ठरू लागली, तर त्या माणसाला घरात आणि समाजात आपली जागा कुठे उरली असं वाटत असेल?

इनुइट नेत्या शीला वॉट-क्लूटिए यांनी 2005 साली अमेरिका खंडाच्या मानवी हक्क आयोगापुढे अर्ज केला. त्यांचं म्हणणं असं होतं की थंडी हा आमचा हक्क आहे, कारण आमची संस्कृती थंडीवर उभी आहे. आयोगानं तो अर्ज विचारात घेतला नाही. पण हवामानबदल हा माणसाच्या हक्कांचा प्रश्न आहे, ही मांडणी तेव्हापासून जगाच्या चर्चेत रुजली.

शेजारच्या अलास्कात युपिक लोकांच्या भाषेत ‘उस्तेक’ असा शब्द आहे. गोठलेली जमीन वितळून, धूप होऊन, पाण्यासकट ढासळते त्याला उस्तेक म्हणतात. निंग्लिक नदीकाठचं न्यूटॉक हे साडेतीनशे वस्तीचं गाव असंच ढासळत गेलं. हे लोक पूर्वी ऋतूप्रमाणे मुक्काम हलवत. विसाव्या शतकाच्या मध्याला सरकारनं शाळा बांधली आणि त्यांना एका जागी बसवलं. पुढे नदी दरवर्षी गावाचा काठ खात राहिली. शेवटी गावानंच सुमारे 15 किलोमीटरवरची उंच जागा निवडली आणि 2019 पासून लोक तिथे राहायला जाऊ लागले. नव्या गावाचं नाव मेर्तारविक, म्हणजे झऱ्याचं पाणी भरायची जागा. या स्थलांतराच्या तयारीत दोन दशकांहून जास्त काळ गेला. एक पिढी ‘आपण जाणार आहोत’ हे ऐकतच लहानाची मोठी झाली.

बेट सोडताना

पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर गुना नावाचे आदिवासी राहतात. साडेतीनशेहून अधिक बेटांचा त्यांचा मुलूख. त्यांपैकी गार्दी सुग्दुब, म्हणजे खेकड्यांचं बेट, सुमारे 400 मीटर लांब आणि 150 मीटर रुंद. त्यावर हजाराहून अधिक माणसं दाटीवाटीनं राहत. वर्षअखेरीला वारे सुटले की पाणी रस्त्यांवर आणि घरांत शिरायचं. जून 2024 मध्ये इथली सुमारे 300 कुटुंबं मुख्य भूमीवर वसवलेल्या इस्बेर्याला या नव्या वसाहतीत राहायला गेली. होडीनं आणि मग रस्त्यानं, मिनिटांत मोजावा असा तो प्रवास. अंतर एवढंसं, पण फरक फार मोठा. बेटावर बांबूकाठ्यांच्या भिंतींची, झावळ्यांनी शाकारलेली घरं एकमेकांना खेटून होती आणि दारात होडी होती. वसाहतीत सरळ रांगांत सारखी घरं आहेत. समुद्र दारातून दिसत नाही. समुद्रावर जगणाऱ्या माणसाला मासेमारीला निघण्यासाठी आधी किनारा गाठावा लागतो. काही कुटुंबांनी बेट सोडलंच नाही.

गुना लोक स्वाभिमानी आहेत. 1925 साली पनामाच्या पोलिसांनी त्यांच्या बायकांचा पारंपरिक वेश बंद पाडायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी उठाव केला आणि स्वायत्तता मिळवली. त्या वेशातली ‘मोला’ ही चोळी आजही त्यांची ओळख आहे. रंगीत कापडांचे थर एकावर एक ठेवायचे, वरचे थर नक्षीत कापून आतला रंग उघडा करायचा आणि बारीक टाक्यांनी शिवायचं, अशी ती कला. आपल्या गोधडीसारखाच तो घरातल्या बायकांचा वारसा. सत्तेसमोर टिकलेल्या या लोकांना शंभर वर्षांनी बेट सोडावं लागलं ते समुद्रामुळे आणि जागेच्या टंचाईमुळे. पण गाव विखुरलं नाही. जे गेले ते एकत्र गेले, एकाच वसाहतीत राहिले आणि सभा भरवण्याची जुनी रीतही सोबत घेऊन गेले. स्थलांतर कसं करावं, याचा हा एक धडा आहे.

प्रशांत महासागरातल्या तुवालूसमोरचा प्रश्न याहून बिकट आहे, कारण तिथे मुख्य भूमीच नाही. नऊ बेटं, 26 चौरस किलोमीटर जमीन, सुमारे 11,000 माणसं. आणि जमिनीची उंची बहुतेक ठिकाणी दोन-तीन मीटर. वाळू आणि प्रवाळाच्या या भूमीत गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. त्या थरापर्यंत खड्डे खणून लोक ‘पुलाका’ लावतात. हा अळूच्या जातीचा मोठा कंद. त्याला कुठला पाला किती घालायचा, हे ज्ञान घराण्यात जपलं जातं. समुद्राचं पाणी झिरपून खड्डे खारट होऊ लागले तसा पुलाका कुजू लागला आणि दुकानातला आयात तांदूळ ताटात आला. एक पीक गेलं म्हणजे त्याच्यासोबत ते राखणारं ज्ञान, ते वाटून खाण्याची रीत आणि त्यावरून मिळणारा मान हेही जातं.

नोव्हेंबर 2021 मध्ये तुवालूचे मंत्री सायमन कोफे यांनी गुडघाभर समुद्रात उभं राहून हवामान परिषदेसाठी भाषण ध्वनिचित्रित केलं; ते जगभर पाहिलं गेलं. 2023 मध्ये देशानं राज्यघटनेत लिहून ठेवलं की जमीन गेली तरी तुवालू हे राष्ट्र कायम राहील. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाशी झालेल्या कराराचं नाव आहे ‘फालेपिली’. तुवालूच्या भाषेत त्याचा अर्थ शेजाऱ्याला घरच्यासारखं मानणं. या करारानुसार दरवर्षी 280 जणांना ऑस्ट्रेलियात कायमचं राहता येईल. 2025 मध्ये पहिली सोडत निघाली, तेव्हा देशातल्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांनी नावं नोंदवली. त्याच वेळी राजधानी फुनाफुतीमध्ये समुद्रात भर घालून सुमारे सात हेक्टर उंच जमीन तयार केली गेली. जायची सोय आणि राहायची तयारी, दोन्ही एकदम चालली आहे. घर सोडावं लागणाऱ्या कुणाच्याही मनात हे दोन्ही विचार एकाच वेळी असतात.

मृग, वाफसा आणि दुबार पेरणी

हे सगळं वाचताना मला आपलं पंचांग आठवत राहतं. अँडीजचा शेतकरी कृत्तिका पाहतो, आपला शेतकरी रोहिणी आणि मृगाकडे डोळे लावतो. सूर्य ज्या नक्षत्रात असेल त्या नक्षत्राचा पाऊस, ही आपली मोजणी. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा. प्रत्येक नक्षत्राला वाहन : बेडूक, म्हैस, हत्ती, मोर, गाढव. 7-8 जूनला मृग लागला की पेरणीची तयारी, हस्ताचा पाऊस पडला की रब्बीची आशा. पावसाचं हे वेळापत्रक शिकवायला शाळा लागत नव्हती. ते बोलण्यातच होतं.

आता बघा. भारतीय हवामान विभागानं 2020 साली मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा नव्यानं ठरवल्या. मुंबईत पाऊस येण्याची तारीख 10 ऐवजी 11 जून झाली, म्हणजे फारशी बदलली नाही. पण परतण्याची तारीख 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबरवर गेली. सोयाबीन कापून शेतात पडलेलं असताना आणि भात पिकून उभा असताना परतीचा पाऊस कोसळतो, ही शेतकऱ्याची तक्रार सरकारी तारखांतही दिसते. 2025 मध्ये तर पाऊस 26 मे रोजीच मुंबईत पोहोचला, नोंदी ठेवल्यापासून सर्वांत लवकर; आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात त्याची वाटचाल थबकली. मृग लागायच्या आधी पाऊस हजर, आणि ऐन मृगात दडी.

तापलेली हवा दर अंशाला सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. त्यामुळे पाऊस बरेच दिवस अडून राहतो आणि मग एकदम ओततो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीनं वाढल्या. तापलेला अरबी समुद्र त्यांना बाष्प पुरवतो. शेतकऱ्याला अंगभूत कळणारी गोष्ट म्हणजे वाफसा : माती ना चिखल, ना कोरडी, बियाणं रुजेल एवढीच ओली. धो धो पावसानंतर कडक ऊन, असं झालं की वाफशाचे दिवस हाती लागत नाहीत. मग दुबार पेरणी, दुबार बियाणं, दुबार कर्ज.

कोकणातही हेच. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धन भागातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. पोफळ लावल्यापासून उत्पन्न हाती यायला कित्येक वर्षं लागतात. वाडी आजोबा लावतो आणि नातू खातो, हा कोकणातला हिशेब. एका दुपारी दोन पिढ्यांची मेहनत भुईसपाट झाली. अशा वेळी नातवाला ‘पुन्हा लाव’ म्हणून सांगायचं, तर पुढची वीस वर्षं वारा कसा वागेल याचा भरवसा कुणी द्यायचा?

हिमनद्यांचं लग्न

भरवसा गेला तरी माणसं हात बांधून बसत नाहीत. काराकोरमच्या बाल्टिस्तानात हिमनदी ‘लावण्याची’ जुनी रीत आहे. तिथल्या लोकांच्या मते बर्फ नर आणि मादी असतो : मातीदगडांनी काळवंडलेला नर, पांढरा निळसर ती मादी. दोन्हींचे तुकडे पाठीवरून उंच, सावलीच्या जागी नेऊन एकत्र पुरायचे, वर कोळसा आणि भुसा घालायचा, आणि प्रार्थना करून त्यांना वाढू द्यायचं. हे लग्नच. अलीकडे ही रीत पुन्हा आठवली जाते आहे.

लडाखमध्ये अभियंते चेवांग नोर्फेल यांनी याच विचाराला स्थापत्यशास्त्राची जोड दिली. तिथे पेरणीला पाणी लागतं एप्रिल-मे महिन्यांत, आणि उंचावरची हिमनदी वितळते जूनमध्ये. हिवाळ्यात वाया जाणारं ओढ्याचं पाणी गावाजवळ, सावलीत, बांधाआड संथ करून गोठवायचं, म्हणजे ते वेळेवर वितळेल. 2015 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे सोनम वांगचुक यांनी पाणी नळीनं उंच फवारून बर्फाचे सुळके उभे केले. उभ्या आकारामुळे ऊन कमी जागेवर पडतं आणि बर्फ उशिरापर्यंत टिकतो. आकार स्तूपासारखा, म्हणून नाव बर्फाचा स्तूप. त्यांच्या उभारणीत बौद्ध भिक्षूंचेही आशीर्वाद आहेत. विज्ञानानं लोकांच्या मनातली जुनी खूण उचलली, म्हणून लोकांनी ते आपलं मानलं.

लढा न्यायालयातही पोहोचला. 2019 साली प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या 27 कायद्याच्या विद्यार्थ्यांनी वर्गातल्या अभ्यासातून एक कल्पना मांडली : जगातल्या सर्वोच्च न्यायालयालाच विचारू या, की देशांची या बाबतीत जबाबदारी काय? वानुआतू या छोट्या देशानं तो प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे नेला. 23 जुलै 2025 रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयानं एकमतानं मत दिलं, की हवामानाला होणारी हानी रोखणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे. देशाची भूमी गेली म्हणून तो देश आपोआप संपत नाही, असंही न्यायालयानं सूचित केलं. तुवालूनं राज्यघटनेत जे लिहिलं होतं, त्याला हे मोठंच बळ.

नवसाचा दुसरा अर्धा

आता पुन्हा फीशला जाऊ. नवसात दोन वाक्यं असतात. एक मागण्याचं, एक देण्याचं. अमुक होऊ दे, मग मी अमुक करीन. फीशच्या लोकांनी पोपकडून बदलून घेतलं ते मागण्याचं वाक्य. ‘आम्ही सदाचारानं वागू’ हे देण्याचं वाक्य 1678 पासून जसंच्या तसं आहे.

ते वाक्य एकट्या फीशला पुरं करता येणार नाही. त्या गावानं उद्या एकही चूल पेटवली नाही, तरी आलेच वितळत राहील. उकुकूंनी लाद्या आणणं थांबवलं, गुनांनी बेट सोडलं, तुवालूनं पुलाकाचे खड्डे सोडले; त्यांच्या वाट्याचं ते करून चुकले. हवेत साचलेल्या कार्बनमध्ये सर्वांत मोठा वाटा अमेरिका आणि युरोपचा आहे. आज दरवर्षी सर्वाधिक धूर सोडणाऱ्या देशांत चीन आणि अमेरिकेनंतर भारताचा क्रमांक लागतो. आपल्याकडे दरडोई धूर कमी आहे, आणि ज्या घरात अजून पंखा नाही त्या घराकडून काही मागायचा कुणाला अधिकार नाही. पण वीज कोळशाची करायची की सूर्याची, शहरात माणसांसाठी बस चालवायची की गाड्यांसाठी रस्ते रुंद करायचे, हे निर्णय आपल्याही सभागृहांत रोज होत असतात. त्या निर्णयांवर कुठे मृगाचा पाऊस ठरतो, कुठे बर्फाची लादी, कुठे बेटावरचं घर.

माझ्या आजीच्या भाषेत बोललेला नवस फेडायला उशीर झाला तर देव आठवण करून देतो. फीशच्या मिरवणुकीतली माणसं डोंगराच्या वाटेनं चालतात, तेव्हा त्यांच्या डोक्यावरचा बर्फ ही आठवण करून देत असतो.